घरची शुश्रूषा : सारक औषध देताना

सभ्य माणसांच्या बैठकीत ज्या विषयाचे नाव सहसा निघत नाही, तोच विषय घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असले म्हणजे दिवसाचा पहिला प्रश्न होऊन बसतो. सकाळी चहाचा कप हाती देताना सुनेला तो प्रश्न सासऱ्यांना विचारता येत नाही. ती नवऱ्याला विचारते, नवरा आईला विचारतो, आणि आई दाराआडून मान हलवून उत्तर देते. ‘झाले का?’ या दोन शब्दांच्या प्रश्नाला आमच्या घरांतून एवढा वळसा पडतो. त्या वळशात पुष्कळदा दोन-तीन दिवस निघून जातात आणि मग कपाटातील बाटली घाईने उघडली जाते. ती बाटली आणि तो चमचा हाच आजच्या लेखाचा विषय आहे. वाचकांनी नाक मुरडू नये, ही विनंती.

आमच्या चिकोडी-निपाणीकडच्या माणसाला मोठे दुखणे आले की तो बेळगावला जातो, कोल्हापूरला जातो, नाहीतर मिरजेला. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडले, तेव्हापासून ती वाट या भागाच्या ओळखीची आहे. बरा होऊन, किंवा अर्धवट बरा होऊन, माणूस घरी परततो तेव्हा त्याच्या हाती एक कागद असतो. कागद इंग्रजीत, निघताना परिचारिकेने सांगितलेल्या चार गोष्टी कधी कन्नडमध्ये, कधी मराठीत, आणि घरी प्रत्यक्ष औषध पाजणारी बाई यांपैकी एकच भाषा नीट जाणणारी. इतर औषधांच्या गोळ्या मोजता येतात. सारक औषधापुढे मात्र ‘रोज रात्री दोन चमचे’ एवढेच लिहिलेले असते. कोणते चमचे, किती दिवस, काय झाले म्हणजे कमी करायचे आणि काय दिसले म्हणजे मुळीच द्यायचे नाही, हे त्या ओळीत मावत नाही. रुग्णालयात हा विचार परिचारिका करीत असते. घरी आल्यावर तो करायला कोणी उरत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला तेथे वैद्याच्या बरोबरीने पाय मानले आहे, हे विसरण्यासारखे नाही. त्याच्या अंगी सेवेचे ज्ञान, कामातील दक्षता, रोग्याविषयी माया आणि शुचिता असावी, असे तो ग्रंथ म्हणतो. आमच्या घरांतून मायेची आणि शुचितेची वाण नाही; दक्षता सवयीने अंगी बाणते. ज्ञानाची सोय मात्र कोणी करून देत नाही.

भाषेच्या शिक्षकाने शब्दांपासून सुरुवात केली तर त्याला क्षमा असावी. आपण ‘जुलाबाचे औषध’ असा एकच शब्द सरसकट वापरतो. शार्ङ्गधरसंहितेत मात्र पोट साफ करणाऱ्या द्रव्यांचे अनुलोमन, स्रंसन, भेदन आणि रेचन असे निरनिराळे वर्ग केले असून, त्यांची उदाहरणे म्हणून अनुक्रमे हिरडा, बहावा, कुटकी आणि निशोत्तर यांची नावे दिली आहेत. म्हणजे सगळी औषधे एका तऱ्हेने काम करीत नाहीत, हे आपल्याकडे जुन्या काळापासून ठाऊक होते. माझ्या लहानपणी रविवारी सकाळी एरंडेलाची वाटी पुढे येत असे, आणि सोनामुखीचा काढाही घराघरांत होई. ही दोन्ही औषधे आतड्याला डिवचून चालवतात. आज डॉक्टर अशक्त आणि वृद्ध रोग्यांना पुष्कळदा जी देतात ती वेगळ्या जातीची आहेत. त्यांना परासरणी सारके म्हणता येईल.

परासरण हा शब्द शाळेच्या पुस्तकातला असला तरी क्रिया स्वयंपाकघरातली आहे. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की थोड्या वेळाने पातेल्याच्या तळाशी पाणी जमते. ते पाणी कोणी ओतलेले नसते. फोडींतलेच पाणी मिठाने बाहेर ओढलेले असते. परासरणी सारकही असेच. ते आतड्यात फारसे शोषले जात नाही, पण पाणी आपल्याजवळ धरून ठेवते; त्या पाण्याने वाळलेला मल मऊ होतो आणि आतड्याला पुढे ढकलायला हलका पडतो. या वर्गात लॅक्ट्युलोजचे गोड पाक-औषध येते, पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पाण्यात विरघळणारी भुकटी येते, आणि मॅग्नेशियमची जुनी औषधेही येतात. पांढरे दुधासारखे मिल्क ऑफ मॅग्नेशिया १८७३ साली अमेरिकेत चार्ल्स फिलिप्स यांनी प्रथम बाजारात आणले. इंग्लंडातील एप्सम गावच्या झऱ्यांतून मिळालेले एप्सम सॉल्ट तर त्याहूनही जुने.

आता या साऱ्याचा गाभा. फोडींना सुटलेले पाणी जसे फोडींचेच, तसे औषधाने आतड्यात ओढलेले पाणी रोग्याच्या शरीरातलेच असते. भुकटीचे औषध बरेचसे आपल्याबरोबर प्यालेले पाणीच पुढे नेते. मॅग्नेशियमचे क्षार आणि अधिक मात्रेतले लॅक्ट्युलोज मात्र शरीराच्या साठ्यातून घेतात. म्हणून असे औषध देताना आधी पाहायचे ते हे की रोग्याच्या अंगी पाणी आहे का. जीभ कोरडी आहे, लघवी थोडी आणि गडद होते आहे, उठून बसताना चक्कर येते आहे, उलट्या चालू आहेत, अशा माणसाला चमचा पुढे करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आमच्याकडची म्हातारी माणसे एक गोष्ट करतात आणि ती कोणाला सांगत नाहीत. रात्री उठावे लागू नये, सुनेची झोप मोडू नये, म्हणून संध्याकाळपासून ती पाणीच पीत नाहीत. बद्धकोष्ठाचे मूळ कित्येकदा या संकोचात असते. अशा वेळी औषधाच्या आधी तांब्या उशाशी ठेवावा आणि तो रिकामा होतो की नाही हे पाहावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याला पाण्याचे माप ठरवून दिलेले असते. तेथे मात्र मनाने पाणी वाढवू नये.

काही वेळा मुळीच औषध देऊ नये. पोट फुगून टणक झाले आहे, कळा येत आहेत, उलटी होते आहे आणि वारादेखील सरत नाही, ही लक्षणे आतडे अडल्याची असू शकतात. अडलेल्या आतड्यात पाणी ओढून आणले तर फुगवटा आणि धोका दोन्ही वाढतात. कारण न कळलेली पोटदुखी, विशेषतः उजव्या बाजूला खाली आणि तापासह, ही अपेंडिक्सच्या सुजेची असू शकते. ‘पोट साफ झाले की बरे वाटेल’ म्हणून येथे जुलाब दिला तर सुजलेले अपेंडिक्स फुटण्याचे भय असते. मलातून रक्त पडत असेल, किंवा वर्षानुवर्षांची सवय अलीकडे अचानक बदलली असेल, तर औषधाने ते झाकू नये, तपासून घ्यावे.

मापाविषयी फार बोलायला नको, पण थोडे बोललेच पाहिजे. घरातले चमचे एका मापाचे नसतात. औषधाबरोबर येणारी मापाची टोपी फेकून देऊ नये. लॅक्ट्युलोजची मात्रा बद्धकोष्ठासाठी प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १५ ते ३० मिलिलिटर असते, आणि त्याचा गुण येण्यास एक ते दोन दिवस लागतात. पहिल्या रात्री काही झाले नाही म्हणून दुसऱ्या सकाळी दुप्पट पाजणारी मंडळी तिसऱ्या दिवशी पस्तावतात. भुकटीचे औषधही एक ते तीन दिवस घेते. साधारण १७ ग्रॅमची मात्रा पेलाभर पाण्यात पुरती विरघळवून द्यायची असते. याउलट मिल्क ऑफ मॅग्नेशिया अर्ध्या तासापासून सहा तासांत काम करते. ज्याला आधाराशिवाय उठता येत नाही त्याला ते रात्री निजताना देणे म्हणजे अंधारात, ओल्या न्हाणीघरात, घाईने चालत जाण्याची पाळी आणणे. अशा एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि बद्धकोष्ठाचे दुखणे वर्षभराचे होऊन बसते. द्यायचेच तर सकाळी द्यावे आणि जवळ माणूस असावे.

मॅग्नेशियमविषयी आणखी एक सांगणे आहे. जे थोडे मॅग्नेशियम रक्तात जाते ते मूत्रपिंडे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे दुबळी असतील तर ते साचते. रोगी गुंगतो, त्याचे स्नायू ढिले पडतात, रक्तदाब उतरतो आणि साचणे फार झाले तर श्वासही मंदावतो. मूत्रपिंडाच्या रोग्याच्या घरी ही बाटली ‘साधी’ म्हणून दुकानातून आणू नये. शिवाय मॅग्नेशियम काही औषधांना आतड्यातच धरून ठेवते : थायरॉइडची गोळी, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन. त्यांच्यात काही तासांचे अंतर हवे, आणि ते किती हे औषध देणाऱ्यास विचारावे. सूज उतरवणाऱ्या लघवीच्या गोळ्या किंवा हृदयाचे डिगॉक्सिन चालू असेल, तर फार जुलाबांनी रक्तातील पोटॅशियम घटणे विशेष वाईट.

इसबगोल या वर्गात येत नाही, हे येथेच सांगून टाकतो, कारण लोक एकाऐवजी दुसरे देतात. इसबगोल पाणी शोषून फुगते. भरपूर पाणी पिणाऱ्या, हिंडत्याफिरत्या माणसाला ते उत्तम. परंतु घोटाघोटाने पाणी पिणाऱ्या, अंथरुणावरच्या किंवा गिळण्यास त्रास होणाऱ्या माणसात ते घशात किंवा आतड्यात गोळा होऊन अडू शकते.

आता त्या दुखण्याकडे येतो, ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. यकृताचा सिऱ्होसिस झालेल्या रोग्याला डॉक्टर लॅक्ट्युलोज देतात आणि घरची मंडळी समजतात की ते पोट साफ होण्यासाठी आहे. तसे ते असते, पण खरा हेतू डोके शाबूत ठेवण्याचा असतो. आतड्यात तयार होणारा अमोनिया निरोगी यकृत निकामी करते. दुबळे यकृत ते करू शकत नाही, आणि तो मेंदूपर्यंत पोचून माणसाला भ्रम पाडतो. लॅक्ट्युलोज मोठ्या आतड्यात पोचले की तेथील जंतू त्याचे आम्ल करतात. त्या आम्लात अमोनिया अडकतो आणि मलाबरोबर बाहेर जातो. १९६६ साली स्वित्झर्लंडमधील बिर्खेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपायाचा प्रथम वृत्तान्त दिला. आपल्याकडे दिल्लीच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयातील डॉक्टरांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तर प्रत्येक अशा घरी सांगण्यासारखा आहे. एकदा भ्रमातून बरे झालेल्या रोग्यांपैकी लॅक्ट्युलोज चालू ठेवलेल्या ६१ जणांत भ्रम १२ जणांना परतला. ज्यांना ते दिले नव्हते अशा ६४ जणांत तो ३० जणांना परतला.

हे औषध चमच्यांनी मोजायचे नसते. शौचांनी मोजायचे असते. दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौच व्हावे, एवढी मात्रा हवी. एकदाच झाले तर वाढवायची, चार-पाच वेळा पातळ होऊ लागले तर कमी करायची, आणि ही वाढघट कशी करायची ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचे. आमच्या भागातील एका घरी लग्नासाठी एस. टी.ने जायचे होते. वाटेत वडिलांची पंचाईत नको म्हणून मायेपोटीच दोन-तीन दिवस औषध बंद ठेवले. वडील दिवसा झोपू लागले, रात्री जागू लागले. आहेराचा हिशेब त्यांना लागेना. पाहुण्यांना त्यांनी भलत्याच नावांनी हाका मारल्या. मांडवात कोणी ‘वय झाले’ म्हणाले, कोणी ‘दृष्ट लागली’ म्हणाले. शेवटी मुलीने पोट किती दिवसांत झाले नाही हे विचारले, म्हणून ते वेळेवर रुग्णालयात पोचले. वृत्तीत चिडखोरपणा, झोपेची उलटापालट, पुढे धरलेल्या हातांच्या पंजांची फडफड, ही आधीची चिन्हे आहेत. अक्षरही बिघडते. म्हणून रोज एका वहीत तारखेपुढे रोग्याची सही घेत जावी. डळमळलेली सही पुष्कळदा बोलण्याच्या आधी सांगते. मात्र भीतीपोटी औषध वाढवत नेणेही तितकेच वाईट, कारण फार जुलाबांनी अंगातले पाणी आणि क्षार गेले की त्यानेही भ्रम येतो. अगोदरच गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात तर चमचा घालूच नये. ते श्वासनलिकेत जाईल. त्याला गाडीत घालावे.

दुसरे असे दुखणे आमच्या तंबाखूच्या मुलखाला सांगायला नको. निपाणीचे नाव तंबाखूने झाले, आणि तोंडाचा कर्करोग तंबाखूने होतो. असह्य वेदनेसाठी मॉर्फीन देणे २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन काहीसे सुकर झाले आहे. मॉर्फीन आतड्याची हालचाल मंदावते. इतर त्रास शरीर सवयीने सोसते, हा मात्र सवयीने जात नाही. म्हणून मॉर्फीनबरोबर सारक पहिल्या दिवसापासून चालू असते, आणि मॉर्फीन आहे तोवर चालू ठेवायचे असते. बहुधा परासरणी औषधाला आतडे चालवणाऱ्या औषधाची जोड द्यावी लागते. ‘औषधाची सवय लागेल’ ही शंका येथे सोडून द्यावी. नाकातून घातलेल्या नळीवाटे औषध द्यायचे असेल तर डोके आणि छाती उंच करून, आधी साधे पाणी, मग औषध, मग पुन्हा पाणी, असा क्रम ठेवावा. इसबगोल नळीत कधीही घालू नये. ते नळी बुजवते. गिळताना ठसका लागणाऱ्या रोग्यासाठी पातळ पदार्थ पिठूळ भुकटीने दाट करून देतात. त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल मिसळले तर तो दाटपणा मोडून पाणी होते आणि ते फुप्फुसात उतरू शकते. ब्रिटनच्या औषध-नियंत्रकांनी २०२१ साली याविषयी इशारा दिला होता.

एका फसवणुकीविषयी सांगितले पाहिजे. आठवडाभर काही नाही आणि मग एकाएकी कपड्यांना पातळ डाग लागू लागतात, तेव्हा घरी आनंद होतो : ‘झाले एकदाचे!’ किंवा ‘जुलाब लागले, औषध बंद करा.’ कित्येकदा खाली कठीण मलाचा गोळा तसाच अडकलेला असतो आणि वरचे पातळ त्याच्या कडेने झिरपत असते. जुलाब थांबवण्याची गोळी येथे दिली तर गोळा आणखी घट्ट बसतो. डॉक्टरांनी बोटाने तपासणे हाच मार्ग.

आतड्याच्या तपासणीपूर्वी भुकटीचे औषध दोन-दोन लिटर पाण्यातून प्यावे लागते, तो प्रकार निराळा. मधुमेहाच्या गोळ्यांचे काय करायचे हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे, आणि औषध सुरू करण्याच्या तासाभर आधी घेतलेल्या गोळ्या न शोषता वाहून जाऊ शकतात, एवढे लक्षात ठेवावे.

बाकी गोष्टी औषधाच्या बाहेरच्या, पण औषधाइतक्या महत्त्वाच्या. सकाळच्या चहा-न्याहारीनंतर आतडे आपोआप हलू लागते; त्या वेळी माणसाला बसवावे, आणि दाराशी उभे राहून घाई करू नये. उकिडवे बसणे गुडघ्यांना झेपत नसेल आणि कमोडच्या खुर्चीवर बसवायचे असेल, तर पायांखाली स्वयंपाकघरातला पाट ठेवावा; गुडघे वर आले की जोर कमी लागतो. अंथरुणावरच उरकावे लागत असेल तर पडदा ओढावा आणि नातवंडांना बाहेर पाठवावे. पातळ झाल्यावर कोमट पाण्याने धुऊन, घासून नव्हे तर टिपून, कोरडे करावे आणि लाली दिसताच झिंकचे मलम लावावे. बायकांना पुढून मागे पुसावे. दिवसाकाठी शाळेच्या हजेरीपटासारखी नोंद करावी : किती वेळा, किती वाजता, कसे. ‘कसे’ हे लिहायला लाज वाटते, म्हणून इंग्लंडातील ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी १९९७ साली सात क्रमांकांचा तक्ताच प्रसिद्ध केला. १ म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे, ४ म्हणजे मऊ आणि सलग, ७ म्हणजे निव्वळ पाणी. सुनेने वहीत फक्त आकडा लिहावा. मुलाने तो बेळगावला डॉक्टरांपुढे धरावा. कोणालाच काही बोलावे लागत नाही.

लॅक्ट्युलोज फार गोड असते. ते पाण्यातून किंवा दुधातून दिले तरी चालते. पहिले काही दिवस पोटात गुडगुडते आणि वारा सरतो, त्याने घाबरू नये. त्यात थोडी दुधातली साखर असते, म्हणून मधुमेही माणसाला मोठी मात्रा द्यायची असेल तेव्हा डॉक्टरांना त्याची आठवण द्यावी. गोडीमुळे मुले बाटलीला तोंड लावतात, तेव्हा ती वरच्या फळीवर असावी. पण खिडकीतल्या फळीवर नव्हे. रंग थोडा गडद झाला तर औषध बिघडले असे नाही. आमच्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात दिवसचे दिवस तापून ते काळपट आणि गढूळ झाले असेल, तर मात्र ते ओतून द्यावे आणि नवी बाटली आणावी.